खुर्च्यांची खांदेमळणी

आमच्या घरी खुर्च्या पुष्कळ होत्या आणि त्यांवर बसणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे माझे बाबा. बोरी अरब या आमच्या गावात त्या काळी खुर्ची दिसायची ती शाळेत, ग्रामपंचायतीत, नाहीतर लग्नात नवरदेवाच्या बापाच्या बुडाखाली. खुर्चीवर बसून जेवायचं, ही गोष्ट काही गावाच्या गळी उतरण्यासारखी नव्हती. अन्नासमोर पाय लोंबकळत सोडून कसं बसायचं, असं बायका म्हणायच्या. बाबा गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जुन्या, जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या गोळा करण्याचं वेड त्यांना कुठून लागलं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. यवतमाळला शिकत असताना ते एका वकिलाच्या घरी राहिले होते. तिथं नवरा-बायको टेबलाशी समोरासमोर बसून जेवायचे, जेवताना बोलायचे, आणि ताटं वाळली तरी बोलतच राहायचे. एवढं मात्र बाबांनी मला एकदा सांगितलं होतं. सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

खुर्च्या यायच्या कुठून कुठून. दारव्ह्याजवळचं कापसाचं एक जिनिंग बंद पडलं, तिथल्या मॅनेजरच्या बंगल्यातल्या दोन आल्या, गोल वळवलेल्या पाठीच्या. एक राजूरहून आली, खाणीवरच्या कुण्या साहेबाची. तिच्या हातांवर सिगारेटचे डाग होते आणि बाबा ते डाग पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे. डाकबंगल्याच्या होत्या, मिशनच्या दवाखान्यातल्या होत्या. त्या कधी बैलगाडीत येत, कधी दारव्ह्याच्या बाजारातून जीपच्या टपावर, तुरीच्या पोत्यांशेजारी उलट्या बांधलेल्या, चारी पाय आभाळाकडे. जीप फाट्यावर थांबली की पोरं ओरडत, मास्तरांची मेलेली खुर्ची आली. बाबा हसायचे. मग महिना-दोन महिने घरात तीच एक गोष्ट चाले. काचपेपरचा खरखराट दुपारभर. वेताच्या पट्ट्या हौदात भिजत पडलेल्या, त्यामुळे हौदाच्या पाण्याला हिरवट वास. खिळखिळे सांधे उकलून पुन्हा जोडायला सरस लागायचा, आणि तो शिजवला की सगळी गल्ली नाकाला पदर लावायची. माय तो तिच्या चुलीजवळ येऊ देत नसे. बाबांनी एकदा तिच्या वरणाच्या गंजात सरस शिजवला. तो गंज मायनं जो अंगणात फेकला तो कायमचा, पुढं त्यात कोंबड्या पाणी प्यायच्या. सगळ्यात शेवटी जवसाचं तेल. जुन्या बनियनची चिंधी करून ते तेल बाबा लाकडात जिरवत बसायचे, हळूहळू, गोल गोल, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणायचे. लाकडातून तांबूस रंग वर येताना पाहिला की मलाही बाबांसारखंच बरं वाटायचं. जवसाची चटणी आजही केली की मला आधी खुर्च्याच आठवतात.

आम्ही तेव्हा एकत्र होतो. बाबांचे थोरले भाऊ, त्यांना मी मोठे बाबा म्हणायची, शेती पाहायचे. पराटी, तूर, ज्वारी सगळं त्यांच्याच अंगावर. जेवायला ते भिंतीशी पाटावर मांडी घालून बसत आणि बाबा समोर जुन्या दाराच्या फळीचं केलेलं टेबल मांडून, खुर्चीवर. "आमचा मास्तर साहेबावानी जेवते," असं मोठे बाबा रोज म्हणायचे आणि रोज स्वतःच हसायचे. माय डोक्यावरचा पदर सावरून दोघांना वाढायची. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, सुनेनं खुर्चीवर बसायचं ही कल्पनाच नव्हती. खुर्ची सोडा, जेठ ओसरीत असले तर माय पाटावरसुद्धा बसत नसे, उंबऱ्याच्या आत जमिनीवर टेकायची. ती जेवायची सगळ्यांच्या मागून, चुलीपुढं, आणि तिला काय उरलं होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नसायचं.

तिच्यासाठी म्हणून बाबांनी मिशनच्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणली होती. बुटकी, सागाची, रुंद बैठकीची, पाठीची वरची पट्टी दोन्ही बाजूंना खांद्यासारखी उतरती. तिथली खानसामीण तिच्यावर बसून भाज्या चिरायची म्हणे. बाबांनी तिची वीण नवी केली, तेल पाजलं आणि चुलीपासून दोन हातांवर आणून ठेवली. "हे तुयासाठी," म्हणाले. मायनं तिच्याकडे पाहिलं, पदरानं बैठक पुसली आणि तिच्यावर दह्याचं भांडं ठेवलं. मांजर तिथवर उडी मारत नाही, एवढा तिचा उपयोग. बाबा कितीतरी दिवस कुरकुरत होते, पण माझ्या आठवणीत त्यांनी मायला एकदाही सरळ सांगितलं नाही, की तू माझ्यासमोर बसून जेवावंस म्हणून मी हा सगळा खटाटोप करून राहिलो. त्यांना वाटायचं की ते तिला कळलेलं आहे. एकाच घरात राहून माणसांचं एकमेकांना सांगायचं असं राहून जातं.

परवाच नागपूरचा एक पोरगा माझ्या यवतमाळच्या घरी येऊन गेला. जुन्या वस्तू घेतो, मोबाइलवर फोटो टाकतो आणि विकतो. बोरीहून माझ्याकडे आलेल्या सगळ्या खुर्च्या पाहून खूश झाला. नेमकी मिशनची खुर्ची उलटीपालटी करून म्हणाला, "मावशी, हिच्या खांद्यांवरचा पिवळा डाग घासून काढू आपण, मग हिला मागणी पाहा." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्या डागापाशी आता मी येते.

मी सातवी-आठवीत असेन तेव्हा वाटणी झाली. भांडण नव्हतं. मोठ्या बाबांची मुलं हाताशी आली होती, घर अपुरं पडत होतं, एवढंच. ते पलीकडच्या आळीत राहायला गेले. आमची जमीन त्यांनीच ठोक्यानं, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, करायची ठरलं आणि बैलांचा प्रश्न निघाला. दोन बैल होते, पवळ्या आणि चांद्या. यातला चांद्या मायच्या माहेरचा. तिच्या बापाकडे मोठं खिल्लार होतं, गुराढोरांतच ती वाढलेली, आणि लग्नात तिच्या बापानं जे गोऱ्हं आंदण दिलं होतं तो हा चांद्या. त्याला तिनं हातानं कण्या चारल्या होत्या. संध्याकाळी शेतातून आला की दाराशी थांबून तो फुसफुसायचा, आणि हातातलं काम टाकून माय बाहेर जायची, त्याच्या गळ्याखाली खाजवायची. ओसरीत बसून मोठे बाबा म्हणाले, "मास्तरले बैल कायले पाह्यजेत?" आणि बाबा म्हणाले, "घेऊन जा ना दादा." झालं. मायला कुणी विचारलं नाही. जेठ बसलेले असताना तिला बोलताही येत नव्हतं. दाराच्या आड ती उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्या मी ऐकल्या.

गोठा रिकामा झाला. बाबांना तर जागाच हवी होती. त्यांनी गव्हाण झाडली, जमीन सारवून घेतली आणि माळ्यावरच्या, ओसरीतल्या सगळ्या खुर्च्या गोठ्यात नेऊन ओळीनं मांडल्या, मिशनची खुर्चीसुद्धा. चांद्याच्या जागेवर राजूरच्या साहेबाची खुर्ची आली. यात काही वाईट होतंय हे त्यांच्या मनातही आलं नाही, आणि मला आज त्याचंच जास्त वाईट वाटतं. दुष्टावा असता तर माणसाला राग तरी धरता येतो. माय त्यानंतर बाबांशी कामापुरतंच बोलायची. पाणी तापलं. मीठ संपलं. शाळेची वेळ झाली. तो सबंध उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असाच गेला. बाबा गोठ्यात विणीत डोकं घालून बसलेले आणि माय चुलीशी, मधल्या अंगणातून मी दोघांचे चहाचे कप नेत-आणत राहायची.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेला घट्टे पडतात, म्हणून लोणी आणि हळद पळसाच्या पानानं त्याच्या खांद्यांना चोळायची, आणि चोळताना त्याला जेवायचं आवतण द्यायचं. दुपार कलल्यावर गल्लीत घरोघरी ते सुरू झालं. घंट्या वाजत होत्या, कुणी शिंगं रंगवत होतं. माय बराच वेळ दाराला टेकून पाहत राहिली. तिला रडू येईल असं मला वाटत होतं. पण ती आत गेली, वाटीत लोणी काढलं, त्यात हळद कालवली आणि मला म्हणाली, "चाल."

"कुठी?"

"गोठ्यात. सणाच्या दिवशी गोठा असा सुना ठेवाचा नसते."

बाबा दारव्ह्याला गेले होते. गोठ्यात खुर्च्या ओळीनं उभ्या. माय पहिल्या खुर्चीसमोर थोडी थांबली, मग तिनं पळसाचं पान वाटीत बुडवलं आणि तिच्या पाठीच्या वरच्या पट्टीला, जिथं बैलाचा खांदा असता तिथं, चोळायला सुरुवात केली. आधी मला हसू आलं. तीही हसली, आणि तिला हसताना मी किती तरी महिन्यांनी पाहत होते. "आता हेच आपले बैलं," ती म्हणाली. "तुह्या बापानं यायच्यावरच जीव लावला, त मंग यायलेबी सणावाराचं काही पाह्यजे का नाई?" एकेक खुर्ची ती करत गेली. हात सराईत होता, तोच वरून खाली दाब, शेवटी तोच एक थोपटा. मिशनच्या खुर्चीपाशी ती सगळ्यात जास्त वेळ होती. दोन्ही उतरत्या खांद्यांना तिनं लोणी लावलं, तळहातानं जिरवलं आणि हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळून पाहिलं. "शोभे, उद्या आपून तिघंबी टेबलावर जेवू. मी इच्यावर बसीन. तुह्या बापाले सांगू नोको आताच." आता जेठ घरात नव्हते. पदराची अडचण नव्हती. चांद्याचं दुःख गिळून तिनं एवढं पाऊल उचललं होतं, आणि तिच्या गालावर हळदीचा एक फराटा उठला होता, तो तिला माहीत नव्हता.

बाबा आले ते एकटे नव्हते. पाटबंधारे खात्याचे एक साहेब बरोबर होते. जुन्या सामानाचा त्यांना शौक, म्हणून खास खुर्च्या पाहायला जीपमधून आले होते. महिनोन्महिने बसून केलेलं काम कुणा जाणत्याला दाखवायचं, त्यामुळे बाबांची चाल बदलली होती. गोठ्याचं दार त्यांनी उघडलं. जवसाच्या तेलानं तुकतुकीत झालेलं सगळं लाकूड पिवळंजर्द, लोण्याचे ओघळ नव्या वेताच्या विणीत उतरलेले. साहेब क्षणभर पाहत राहिले आणि खो खो हसले. माणूस वाईट नव्हता, कुणालाही हसू आलंच असतं. "मास्तर, आता जुंपा नांगराले," ते म्हणाले.

बाबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. माय वाटी हातात घेऊन कोपऱ्यात उभी होती. "हे काय करून ठेवलं?" बाबा म्हणाले. "बैलं आहेत का हे? काही समजते का तुले? ढोराच्या घरातून आली, ढोराचीच अक्कल राह्यली."

मायनं वाटी गव्हाणीत ठेवली, पदर पुढं ओढला आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, पाहुण्यांना साखर कमी लागते का जास्त. साहेबांनी चहाची तारीफ केली. ते गेल्यावर बाबा घासलेटाची चिंधी घेऊन अंधार पडेपर्यंत खुर्च्या पुसत होते. लाकडावरचं बरंचसं निघालं. मिशनच्या खुर्चीत मात्र हळद मुरली होती, कारण तिथं मायचा हात जास्त वेळ फिरला होता.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, कढी, वडे, कोहळ्याची भाजी. टेबलावर एकच ताट. बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, माय आज तुमच्यासमोर बसून जेवणार होती. तिनंच म्हटलं होतं. मिशनच्या खुर्चीले तिनं आवतन देल्लं काल."

बाबांचा हात ताटातच राहिला. ते उठले, उष्ट्या हातानंच गोठ्यात गेले, डाव्या हातानं ती खुर्ची उचलून आणली आणि टेबलाच्या पलीकडे ठेवली. "शोभाची माय," ते म्हणाले, "ये. बस."

माय कढईत वडे सोडत होती. "तुम्ही जेवून घ्या. माह्यं होईन मागून."

"मी म्हनून राह्यलो ना, बस."

तिनं झाऱ्यानं वडे उलटले. आवाज चढवला नाही, मागं वळून पाहिलंही नाही. "ढोराले खुर्ची कायले लागते?" ती म्हणाली.

बाबा उभेच राहिले. आज या वयात मला तो क्षण आठवला की मी मनात त्यांना ढकलते, म्हणते, बोला, दोनच शब्द, चुकलं माझं. चुलीवर तेल कडकडत होतं, गल्लीत बैलांची मिरवणूक निघाली होती, कुणाला ऐकूही गेलं नसतं. पण बायकोला तसं म्हणायची त्यांच्या पिढीला जिभेची सवयच नव्हती. ते परत बसले आणि ताट संपवलं. मायनं मागून चुलीपुढं जेवण केलं.

लोण्याच्या वासानं उंदीर आले ते आलेच. आठवड्याभरात जिनिंगच्या दोन्ही खुर्च्यांची वीण कुरतडली गेली. बाबांनी ती वीण पुन्हा कधी घातली नाही. नव्या खुर्च्या येणं हळूहळू बंद झालं. घर वाईट चाललं होतं असं नाही. माझं शिक्षण झालं, लग्न झालं, बाबा रिटायर झाले. दोघं पुढं बोलायचीही, पावसावर, माझ्या पोरांवर, दुखण्यांवर. फक्त जेवण वेगळं राहिलं. मिशनची खुर्ची बाबांनी टेबलापाशी समोरच ठेवून दिली, रोज स्वतः पुसायचे, आणि मायनं तिच्यावर पुन्हा दह्याचं भांडंसुद्धा ठेवलं नाही.

पुढं मायचे गुडघे गेले. डॉक्टरनं खाली बसू नका म्हणून सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, टेबल आहे, खुर्ची आहे. मायनं ऐकून घेतलं आणि चुलीपाशी उभ्याउभ्या जेवायला लागली, ताट ओट्यावर ठेवून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. महिनाभर बाबांनी ते पाहिलं. मग ज्या माणसानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला उभ्या जन्मात शिवायचं नाही म्हटलं होतं, तो दारव्ह्याच्या बाजारात गेला आणि एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची जीपच्या टपावर बांधून घेऊन आला. स्वयंपाकघरात ठेवली. माय तिच्यावर बसली. मी त्या दिवशी तिथंच होते. दोन्ही हात तिच्या काठांवरून फिरवून ती म्हणाली, "हे बरी आहे. इले हळद लागली तरी पुसून जाते." बाबा ओसरीत निघून गेले. शेवटची सगळी वर्षं ती त्या लाल खुर्चीवर बसून जेवली, भिंतीकडे तोंड करून, आणि पलीकडच्या खोलीत बाबा टेबलाशी.

माय गेली त्या वर्षी खांदेमळणीच्या दिवशी मी मुद्दाम बोरीला गेले. बाबा घरात दिसले नाहीत. गोठ्याचं दार उघडं होतं. मिशनची खुर्ची उजेडात ओढून ते तिच्यासमोर स्टुलावर बसले होते. गव्हाणीत लोण्याची वाटी, हातात पळसाचं पान. अर्धं लोणी धोतरावर सांडलेलं. मी म्हटलं, "बाबा, उंदीर येतील."

"येऊ दे," ते म्हणाले. मग पान वाटीत बुडवून, "तिनं काय म्हटलंतं तवा? नेमके शब्द सांग."

मी सांगितले. खेड्यात जन्म गेला, ते शब्द त्यांना माहीत नव्हते असं थोडंच होतं? तरी त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचे होते. त्यांनी पान त्या जुन्या पिवळ्या डागावरूनच फिरवलं, चुकतमाकत, कारण बैलांचं काम त्यांच्या हाताला कधी नव्हतंच, आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गल्लीत घंट्या वाजत होत्या. मला वाटलं झालं त्यांचं, आता उठतील, म्हणून मी त्यांना हात दिला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.

"शोभे," ते म्हणाले, "खुर्चीले कोन जेवाले बोलावते? आवतन मले होतं. अन् मी घासलेट घेऊन पुसत बसलो."

मग माझा हात सोडून त्यांनी पान पुन्हा वाटीत बुडवलं आणि दुसऱ्या खांद्याला लोणी लावायला घेतलं.